चाचणीची नोंद

सोमवार
नवं गाव, नवी नोकरी, आणि खिडकीतून भरपूर उजेड येणारं छोटं घर. ताई सोबत आली हे फार बरं झालं. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं, अजूनही डबा भरताना मला शाळकरी पोरच समजते. नोंदणी कार्यालयात गावातल्या सगळ्या माणसांच्या नोंदी एका म्हाताऱ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. तो नव्या कॉम्प्युटरवर चढवायचा. डाव्या हातचा मळ.

मंगळवार
कसला मळ! दिवसभर प्रोग्रॅमनं नाकी नऊ आणले. पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर ओळख दाखवेना. शेवटी जुन्या मशीनमधल्या दोन फाइली आणून बसवल्या, तेव्हा चालला. जुनं मशीन लगेच भंगारात दिलं. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या कारकून, म्हणाल्या की यात कुणाची नोंद पुसायची नसते. माणूस गेला तरी नुसती ‘बंद’ अशी खूण करायची. कारण विचारलं तर चहा सांगायला उठल्या. मला हसू आलं.

बुधवार
चाचणीसाठी ताईचं नाव टाकलं. तिचीच हौस: “माझं टाक रे, तेवढीच सरकारदरबारी वट.” नोंद झाली, मग सवयीनं पुसली. चाचणीचा कचरा मागे ठेवायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं सोवळं.

गुरुवार
दुकानदारानं ताईकडे बघितलंच नाही. हसत सांगत होती, पण पिशवी रिकामीच होती. घरमालकानं मला विचारलं, एकट्याला घर मोठं नाही का पडत?

शुक्रवार
मोठ्या बाईंना सांगितलं. त्या खाली बसल्या. “माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. कुणाची होती, आठवत नाही.”
नोंद परत करायला धावलो. रात्रीतून मशीन आपोआप अपडेट झालंय. माझ्या दोन फाइली गेल्या. प्रोग्रॅम उघडत नाही.

शनिवार
भंगारवाल्याकडे जुनी डिस्क सापडली. ताईचा आवाज फार लांबून येतो. तिच्या चेहऱ्यावर नजर ठरत नाही. मला भीती वाटते.

रविवार
बाईंनी ऑफिस उघडून दिलं. ताईला सोबत आणलं — शेजारच्या खुर्चीत आहे. असावी.
चालला! कोरी नोंद उघडली. फक्त नाव टाकायचं. आणि ते आठवत नाही.
जन्मभर ताईच म्हणत आलो. या वहीतही तेच. तिच्या कागदांवर नावाची जागा कोरी — बाईंना नाव कधी सांगितलं नव्हतं —
ताईला विचारलं. ओठ हलतात. ऐकू येत नाही.
ताई, पहिलं अक्षर तरी—