खळीजवळची सुई

६ जानेवारी, सोमवार
निदान झालं एकदाचं. श्यामकांतच्या गालातलं दुखणं दाताचं नाही, ट्रायजेमिनल नर्व्हचं. चेहऱ्याच्या या नसेला तीन फांद्या: कपाळाची, गालाची, जबड्याची. यांची मधली बिघडली आहे. वारा लागला तरी शॉक बसतो. अकरा महिने मी त्या गालाला बोट लावलेलं नाही. बदलापूरच्या डॉक्टर राजसीने आज लावलं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गाल मागे घेतला नाही. मला काहीही वाटलं नाही.

७ जानेवारी
मला दुखणं सांगताना यांचा एकच शब्द: होतंय. तिला पंधरा मिनिटं. वीज काय, मुंग्या काय. लग्नाआधीच्या पत्रांतसुद्धा इतक्या उपमा नव्हत्या.
ठराव: ही नस मी स्वतः शिकणार. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझ्या आकृत्या वर्गभर फिरवायच्या. बेडूक जमला, नवरा काय अवघड?

१० जानेवारी, दुपार
उपचाराची सुई ओठाच्या कोपऱ्यापासून अडीच सेंटिमीटरवर टोचतात, कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून नसेच्या मुळापर्यंत नेतात आणि ती फांदी बधिर करतात. यांचा चेहरा काढून फ्रीजवर लावला. पट्टी ठेवली, तर जागा नेमकी खळीची. ती खळी मी शिवमंदिराच्या पायरीवर पहिल्यांदा पाहिली, १९८३ साली. तेव्हा पट्टी लागली नव्हती.
पोळ्या करता करता कौसाबाई म्हणाली, बाई, डाक्टरीण पोरीच्या वयाची हाय, कशाला जीव जाळताय? म्हटलं, मी अ‍ॅनाटॉमी शिकतेय. म्हणाली, तेच म्हंते मी.

१४ जानेवारी, संक्रांत
यांना चावता येत नाही म्हणून तिळाची मऊ वडी केली. हे म्हणाले, पहिला डबा डॉक्टरांना दे. दिला. चार वड्या, कडेच्या. मत्सर नव्हे. साखर वाईट.

१८ जानेवारी
दवाखान्याचा फॉर्म मी भरला, माझ्या वळणदार अक्षरात. दुखणारी बाजू: डावी. खाली दोन रेघा. अभ्यास कामी आला.

२० जानेवारी, सोमवार
आज सुई. डॉक्टरने फॉर्म बाजूला ठेवला आणि यांनाच विचारलं, काका, कुठला गाल? यांनी उजवा दाखवला. मग बाहेर येऊन मला विचारलं, काकू, डावी का लिहिलीत? मी म्हटलं, डावीच आहे, रोज बघते. बोलता बोलता स्वतःचा हात वर केला. डावी होती खरी. माझी. एक्केचाळीस वर्षं यांच्या समोर बसून जेवते आहे.
ती म्हणाली, घरच्यांचं असं होतं, काकू, म्हणून तर आम्ही पेशंटलाच विचारतो. हसली नाही. हसली असती तर रागावता तरी आलं असतं.
फ्रीजवरचं चित्र काढलं.

२१ जानेवारी, सकाळी ९
दुखणं गेलं. काल रात्री हे पोळी चावून जेवले, आज सकाळी चहाही कढत घेतला. गाल बधिर आहे, काही महिने राहील म्हणे. वरच्या ओठाला साय चिकटली तरी पत्ता नाही.
ठराव: आज हात लावायचाच.

सकाळी ९.२०
लावला. हे पेपर वाचत होते, मी खुर्चीच्या मागे उभी राहिले, म्हणजे उजवा तो उजवाच. तळवा अलगद खळीवर ठेवला. अकरा महिन्यांनी. गाल गरम होता, दाढी नीट झालेली नव्हती.
यांनी पान उलटलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, मालिनी, कुठे आहेस? डॉक्टरांना फोन लाव, म्हणावं एकदम मस्त वाटतंय.
मी हात काढला नाही. फोन दुसऱ्या हाताने लावला.