एकसष्ट नंबरवाली

प्रिय इझाबेल,

लिहिताना माझं अडकत नाही. बघ, तुझं नाव एका झटक्यात लिहून झालं. समोर येऊन बोलायला गेले असते तर 'इ'वरच बस निघून गेली असती आणि तू मोबाईल काढला असतास. म्हणून पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिणार नाही, तिथे तू आणि तुझ्या मैत्रिणी काय करता ते मला माहितीये.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. दहावीच्या सेंडऑफची प्रॅक्टिस चालू होती. आभाराच्या दोन ओळी कोण बोलणार, असं टीचरने विचारलं आणि तूच हात वर केलास, "टीचर, शॅनन!" मला हळूच बोललीस, "घाबरू नको गं, मी बाजूला उभी राहते." मी माइकसमोर गेले. 'आदरणीय'मधल्या 'आ'वर अडकले. बाजूला बघितलं तर तिथे कोणीच नाही. तू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेलीस आणि मोबाईल माझ्याकडे धरलेला. चाळीस सेकंद. संध्याकाळी ते ग्रुपवर आलं, खाली लिहिलं होतं 'शॅनन बफरिंग'. दोन दिवसांत गिरीजमधली बारकी पोरंसुद्धा मला बघून बोट गोल गोल फिरवायला लागली. चर्चच्या आवारातपण. मी परत शाळेत आलेच नाही. बोर्डाचं हॉल तिकीट अजून कपाटात आहे, फोटोसकट. तुला एक्याऐंशी टक्के पडले ना? मम्मीने सांगितलं होतं. तुमच्याकडचे पेढे खाल्ले नव्हते मी.

आता मी वालीवला एका कारखान्यात प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावते. तिथे मशीन एवढं ओरडतं की कोणी कोणाशी बोलतच नाही, सगळे हातानेच सांगतात. मला तर तिथे सगळ्यात बरं वाटतं. रोज गिरीजहून सायकलने जाते, पूल चढून, आणि गेट बंद व्हायच्या आत पोचायला शेवटचं पळतेच. आमच्या सुपरवायझर सुमेधा मॅडमनी ते बघितलं होतं. त्यांनी एक दिवस मोबाईलवर पोस्टर दाखवलं. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी ट्रायथलॉन. दोनशे मीटर पोहायचं, दहा किलोमीटर सायकल, अडीच किलोमीटर पळायचं. "तू तर हे रोजच करतेस की गं," मॅडम बोलल्या. मी मान हलवून नाही सांगितलं. मग मॅडमच्या मोबाईलवर भाग घेणाऱ्यांच्या नावांची यादी आली आणि तिच्यात तू होतीस. जेवणाच्या सुट्टीत मी फॉर्म भरला. अठराच्या खाली म्हणून मम्मीची सही लागली. मम्मीला वाटलं कंपनीचाच कागद आहे.

मला मेडल नको होतं, इझाबेल. मला तुला हरवायचं होतं. तुझ्या आधी पोचायचं, लाइनवर तुझी वाट बघत उभं राहायचं आणि सगळ्यांच्या समोर तुझ्या तोंडावर एकच वाक्य बोलायचं. "मी तुझ्या आधी आले." 'म'वर मी अडकत नाही. मशीनसमोर रोज शंभर वेळा बोलायचे.

शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले, कारण रविवारी सकाळी सहाला स्विमिंग पूलवर हजर राहायचं होतं. हेल्मेट कम्पल्सरी असं लिहिलं होतं, म्हणून मी कारखान्यातलं नेलं. पिवळं, डोक्यावर वीट पडली तर वाचवतं ते. सगळ्यांची हेल्मेटं बघितली तेव्हा कळलं. टेबलावर लिडिया म्हणून एक आंटी होत्या, त्या माझ्या दंडावर मार्करने एकसष्ट लिहीत होत्या. मी हसण्याची वाट बघत होते. त्या बोलल्या, "हे सायकलला चालत नाही गं बाळ, थांब," आणि ओरडल्या, "कोणाकडे जास्तीचं हेल्मेट आहे काय?" तर तिघं आले. तिघं! कोण कुठले, मला ओळखत नाहीत. एकाने तर पट्टा माझ्या हनुवटीखाली बसवून दिला आणि बोलला, "ते पिवळं फेकू नको, पळताना घाल, नारळ पडतात तिकडे." सगळे हसले, आणि मीपण हसले. तू पलीकडे उभी होतीस. तू हसलीस की नाही ते मी बघितलं नाही. मी ठरवून टाकलं की तू हसलीस.

पोहण्यात तू माझ्या पुढे जाऊच शकत नाहीस, हे तुला लहानपणापासून माहितीये. तुमच्या आणि आमच्या वाडीच्या मधल्या तळ्यात, आपल्या बावखलात, केळीचे खांब काखेत धरून, एकाच उन्हाळ्यात शिकलो आपण. पूलमध्ये पाणी स्वच्छ, खाली शेवाळ नाही, बेडूक नाहीत, मला तर खेळ वाटला. तुझ्या अख्खी एक फेरी आधी मी बाहेर आले. आणि मग मी काय केलं माहितीये? तिथेच उभी राहिले. बावखलाचा नियम, जो पहिला वर येईल त्याने डोकी मोजायची, शेवटचा वर येईपर्यंत कोणी हलायचं नाही. माझे पायच हलेनात. तू वर आलीस, माझ्या बाजूने सायकलकडे पळालीस. तुलापण तो नियम पाठ आहे.

पाण्यात एकच डोकं उरलं होतं. नालासोपाऱ्याचे रमेश काका, बासष्ट वर्षांचे, तीन महिन्यांपूर्वी पोहायला शिकलेले, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दोरीला लटकलेला एक माणूस दिसत होता, तोंड उघडं, डोळे लाल. मला ओरडता येत नाही. मी काठाने त्यांच्या बरोबर चालत टाळ्या वाजवायला लागले. एक हात, एक टाळी. शिट्टीवाला माणूस मला सांगतोय, "एकसष्ट, अगं जा ना, तुझा टाइम चाललाय!" मी गेले नाही. काका शिडीला लागले, वर बघून धापा टाकत बोलले, "टाळी थांबवू नकोस गं, नाहीतर मी इथेच बुडेन." मग मी पळाले. माझी सायकल सोडली तर स्टँडवर एकच सायकल उरली होती, काकांची.

माझी सायकल पप्पांची जुनी, कॅरिअरला भाजीची दोरी बांधलेली. पण तिला मी ओळखते आणि रस्तापण ओळखते. ज्यांना ज्यांना मागे टाकलं ते शिव्या द्यायच्या ऐवजी ओरडत होते, "अरे वा, कॅरिअर! जा जा जा!" गिअरवाल्या सायकलवरची एक बाई बोलली, "माझी एवढ्या महागाची, आणि ही बघा भाजीची गाडी पुढे!" आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मला राग येत होता, खरं सांगते. मी तिथे भांडायला आले होते आणि सगळी अनोळखी माणसं माझ्याशी एवढी चांगली वागत होती. तुला शिव्या घालत पॅडल मारावं म्हटलं तर मध्येच कोणीतरी "भारी!" ओरडायचं.

पळायला लागले तेव्हा माझ्या पुढे फक्त दोघं आणि तू. सुरूच्या झाडांपाशी वळले तर तू रस्त्याच्या कडेला बसलेली. उलटी केसांना लागलेली, नाक गळतंय, "मम्मी, मम्मी" करतेयस. आता पत्रात खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. एवढा आनंद मला दोन वर्षांत झाला नव्हता. मी तुझ्या बाजूने पुढे गेले. वीस पावलं गेले आणि मग परत फिरले. कमरेच्या पाकिटातून मोबाईल काढला आणि तुझ्यासमोर धरला.

मी शूट करत होते, इझाबेल. मदत करायला परत आले नव्हते मी.

तेवढ्यात लिडिया आंटी पाण्याच्या टेबलावरून धावत आल्या. माझ्या हातात मोबाईल बघून बोलल्या, "ॲम्ब्युलन्सला फोन केलास काय? शाब्बास. सांग, सुरूच्या झाडांपाशी या म्हणावं." मी मान डोलावली. त्यांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं. आणखी दोघं थांबले. मग मागून रमेश काका आले, तेच, पाण्यातून सगळ्यात शेवटी निघालेले, पण सायकलवर पक्के. खिशातून मिठाची पुडी काढली, बोलले, "मी स्वतःसाठी आणली होती, आजचा पेशंट मीच असणार असं बायको बोलली होती." लिडिया आंटींनी परत विचारलं, "किती वेळात येतायत गं?" माझं तोंड उघडलं आणि आवाज नाही. मी पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. मी कोणालाही फोन केलेला नव्हता. मी केलाय असं वाटून बाकी कोणीही केला नाही. गाडी आली ती मागून बाइकवर फिरणाऱ्या माणसाने तुला बघितलं म्हणून. तुझा श्वास तेव्हा नीट चालला होता, पण ते मला माहीत नव्हतं. ते मला माहीत नव्हतं आणि तरी मी बोटं दाखवली.

मग मी पळत जाऊन लाइन पार केली. मेडल भेटलं. कितवा नंबर, असं मी हातानेच विचारलं, तर तिथला माणूस बोलला, "इथे नंबर नसतो, ताई. पोचलात, झालं." ऐकलंस? नंबरच नसतो. आणि कोणी घरी जाईना, शेवटचा माणूस येईपर्यंत सगळे थांबलेले. शेवटी तू आलीस, डॉक्टरने सोडल्यावर, हट्टाने, चालत, एका बाजूला रमेश काका आणि दुसऱ्या बाजूला लिडिया आंटी. सगळे तुझं नाव घेऊन ओरडत होते. तुला ओळखतही नव्हते ते. मला जे दिलं तेच तुलापण दिलं त्यांनी, तू काय केलंयस हे न विचारता. मी टाळी वाजवली नाही. माझं वाक्य तयार होतं, 'म'पासून सुरू होणारं. पण तुझ्या ओठाला मीठ लागलेलं होतं, ते मी बघत बसले आणि तू पुढे निघून गेलीस.

व्हिडिओ मी दहावी ब च्या ग्रुपवर टाकणार होते. मी अजून आहे त्या ग्रुपवर, मला कोणी काढलंच नाही. खाली काय लिहायचं तेपण ठरवलं होतं, ते इथे लिहीत नाही. मग टाकायच्या आधी एकदा बघितला. त्याच्यात तू नाहीस. पहिले तीन-चार सेकंद दिसतेस, मग लिडिया आंटींची पाठ, मग कोणाचा तरी टॉवेल, मग रमेश काकांची ढगळ, ओली चड्डी. मला वाटलं होतं मी तुझ्यावर धरलाय, पण सगळा वेळ नुसत्या पाठीच आल्यात. ते मुद्दाम तुला झाकत नव्हते, मी शूट करतेय हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. पुढे येऊन बसले म्हणून तू झाकली गेलीस. तेव्हा मला शाळेचा हॉल आठवला. आपण बेचाळीस जण होतो. त्यातला एकजण जरी पाणी प्यायला उठला असता, तुझ्या कॅमेऱ्यासमोरून गेला असता, तरी चाललं असतं. बाकीचे चाळीस जाऊ देत, इझाबेल. बाजूला उभी राहते, असं तू बोलली होतीस.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. बुधवारी तुझी मम्मी आमच्याकडे आली. मी कामावरून आले तर रोझलिन आंटी ओट्यावर बसलेल्या, डोळे पुसत. लिडिया आंटींनी त्यांना सांगितलं म्हणे, एकसष्ट नंबरवालीने फोन केला म्हणून पोरगी वाचली. मला त्यांनी कवटाळलं आणि बोलल्या, "इझाबेल बोलते, शॅनन मोठ्या मनाची, जुनं सगळं विसरली." स्टीलचा डबा भरून सुकेळी आणली होती, तुमची राजेळी केळी वाळवून केलेली, आणि आत तुझी चिठ्ठी, की आता आपण पहिल्यासारख्या. मला 'नाही' बोलायचं होतं, पण 'न' निघायच्या आत त्या मला पापे देऊन निघूनपण गेल्या. तर ते 'नाही' इथे लिहिते. मी फोन केला नाही. मी काही विसरले नाही. मी मोठ्या मनाची नाही, आणि तुला तसं वाटून तू शांत झोपावंस हे मला चालणार नाही. मी तुझ्यासमोर मोबाईल धरून उभी होते, जशी तू माझ्यासमोर होतीस तशीच, आणि त्याच्या वर एक खोटंही बोलले, तेही तोंड न उघडता. हे तू लिडिया आंटींना सांग, रोझलिन आंटींना सांग, पाहिजे तर ग्रुपवर टाक. सुकेळी मम्मीने आणि पप्पांनी खाल्ली. मी एक खाल्ली. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, म्हणून मम्मीने त्यात वालाच्या शेंगा भरून ठेवल्या होत्या. त्या मी काढून टाकल्या आणि हे पत्र भरलंय.

फोन न केलेली, तरीपण तुझीच,
शॅनन