गरम मापलेलं पितळ

आप्पा,

काल बजेट होतं. ऑफिसात सगळे इन्कम टॅक्सचं काय झालं ते मोबाईलवर बघत होते, आणि मी मात्र दोनच गोष्टींसाठी कान देऊन बसले होते: संरक्षणाला किती दिले आणि आयातीची ड्यूटी कशावर उतरवली. ही खोड तुमची. यवतच्या आपल्या पत्र्याच्या शेडमधला लेथ वर्षातून त्या एका दिवशी भाषण संपेपर्यंत बंद असायचा. रेडिओ हत्यारांच्या पेटीवर, तुम्ही स्टुलावर, आणि आईनं चहा आणला तरी हातानंच तिला थांब म्हणायचात. लष्कराचा खर्च वाढला असं कानावर पडलं की मांडीवर थाप मारायचात. "आता येतंय बघ पितळ!" पुण्याचा एक ठेकेदार तुम्हाला दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी गोळ्यांवर बसणाऱ्या पितळी टोप्या कातायचं काम द्यायचा ना. दिल्लीत कुणी काही वाचलं की यवतला आमच्या भाकरीवर तूप येतं, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

मग ते काम आटत गेलं. सीमेवर लढाई झाली तेव्हा सगळं गाव टीव्हीपुढं टाळ्या वाजवत होतं, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराकडं गेलात. परत आलात ते चपला न काढताच ओट्यावर बसलात. "खर्च वाढवलाय म्हनं, पर समदा तयार माल भाईरून येनार हाय. घ्या बाबांनो, तोफा घ्या, माझं काय म्हननं न्हाई. निदान टोप्या तरी आमच्या घ्या की!" असं म्हणून तुम्हीच हसलात. आई हसली नाही.

तोवर माझा डिप्लोमा झाला होता. कारेगावला खोली घेऊन मी मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत आलेला माल तपासायला लागले होते, ट्रेनी म्हणून. त्यांना पितळी बुश लागायचे, बोटाएवढे, आतून मोटारीचा दांडा फिरतो ते. तुम्ही नमुना दिलात आणि तो पास झाला. वशिला नव्हता हो आप्पा, एवढं तरी माना. वर्षाचा करार झाला तेव्हा तुम्ही शिरूरच्या बाजारातून पेढे घेऊन आलात आणि गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना वाटलेत. मला इतकी लाज वाटली! आज त्या लाजेची लाज वाटते.

पुढच्याच बजेटात बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांवरची ड्यूटी उतरली. बाहेरचा बुश तुमच्यापेक्षा स्वस्त पडायला लागला. करार मोडायला कंपनीला कारण हवं होतं. मे महिना होता. तुम्ही दोन पोती घेऊन यवतहून निघालात, चौफुल्याला एसटी बदललीत, शिरूरला बदललीत, आणि भर दुपारी गेटवर माल टाकून परत गेलात. मला भेटलाही नाहीत, ड्यूटीवर पोरीला त्रास नको म्हणून. पोत्यातला बुश हातात धरवत नव्हता, इतका तापलेला.

गरम पितळ फुगतं. हे मला कॉलेजात नाही, तुम्ही शिकवलंत. "माल एक रात निवू दे, मगच गेज लाव. तापलेल्या पितळाला इचारशील तर ते खोटंच बोलंल." आमच्या एसी खोलीतही नियम तोच होता. पण साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आजच रिपोर्ट पाहिजे. आत्ता मापा." वर सहज म्हणावं तसं म्हणाले, "तुमच्या परमनंटचा कागद माझ्याच टेबलावर आहे." गार गेजमध्ये, म्हणजे मापाच्या पोलादी कड्यात, तापलेला बुश जाईना. दुसरा जाईना. विसावाही जाईना. मी रिजेक्ट लिहिलं, खाली सही केली. लाल रंगाचा पट्टा मारून पोती कोपऱ्यात ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी त्यातलेच बुश पुन्हा गेजमध्ये घातले. सगळे अलगद गेले. एकूण एक. मी त्या कोपऱ्यात उभी राहून रडले, तोंड धुतलं आणि टेबलावर येऊन बसले.

रविवारी घरी आले तर तुम्ही रिजेक्टचा कागद हातात घेऊन बसला होतात. विचारलंत, "मापलं कुनी गं?" मी म्हटलं, "मी." तेव्हाच पुढचं बोलायला हवं होतं. ओठावर आलं होतं. पण तुम्ही कागदाची घडी घातलीत. "तू मापलंस व्हय? मग बराबरच आसंल." एवढं बोलून उठलात. मी ओरडायला पाहिजे होतं, आप्पा. मी भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले.

तुम्ही दौंडला जाऊन डोळे तपासून घेतलेत. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. त्यावर दुसरा कुणी खूश झाला असता. तुम्ही म्हणालात, "मंग हातच गेला म्हनायचा." दिवाळीच्या आत लेथ विकलात. दीड वर्ष तुम्ही त्या रिकाम्या शेडमध्ये नुसते बसून काढलंत. आई सांगते, तुम्ही बोटं उघडझाप करून बघत बसायचात, थरथरतात का म्हणून. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेला प्रत्येक माणूस तुमच्या कामाचं कौतुक करून शेवटी हेच म्हणत होता, की वयापुढं कुणाचं चालतंय.

तुमचा हात गेला नव्हता, आप्पा. तो शेवटपर्यंत बरोबर होता, आणि जगात हे फक्त मला ठाऊक होतं.

आई आता थकली आहे. कुणी आलं की अजून सांगते, "ह्यांचा हात शेवटाला चुकाय लागला हुता, त्या पोरीनंच माप काढलं, म्हनून वेळेवर कळलं." मग ती माझ्याकडं बघते. आणि मी, आजही, मान हलवून हो म्हणते.