बरणीतला दुसरा दाणा

प्रिय ठमे,

फाडायचं तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझा गुडघा आता चालता झालाय. वाटाण्याचं मात्र वाटोळं झालं. मी दवाखान्यात पडले होते तेव्हा संशोधन केंद्रातल्या आमच्या नव्या साहेबांनी माझ्या संकराच्या तिसऱ्या पिढीतली शेंगांनी लगडलेली तेवढी झाडं राखली आणि बाकीची उपटून गुरांपुढं टाकली. माणूस वाईट नाही, उतावळा आहे. अगं, सुरुवातीच्या पिढ्यांतला शेंगांचा तो भर बराचसा दोन वेगळी जनुकं जोडीनं आल्याचा असतो. पिढीगणिक जोड्या फुटतात, भर ओसरतो. थोडीथोडी पण कायमची भर घालणारी जनुकं किडमिड्या झाडांतही दडलेली असतात. म्हणून तर मी निवड करतच नव्हते. प्रत्येक झाडाचा एक दाणा पुढं पेरायचा आणि सहाव्या पिढीपर्यंत कुणालाच नावं ठेवायची नाहीत. तू म्हणायचीस, "एवढा धीर वाटाण्यासाठी आहे तुझ्याकडे, माझ्यासाठी नाही."

यंदा त्या लगडलेल्या झाडांची पोरं उगवली आहेत. शेंगा चार, त्यातल्या दोन पोचट. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या वाटाण्यानं दगा दिला." वर, हंगाम संपला की वाफे फुलझाडांना देणार. पुन्हा संकर करावा, तर मूळ जोडीतला एक वाण मर रोगानं गेला. रोज वाफ्यापाशी जाते आणि हात हलवत परत येते. करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

तू घर सोडलंस तेव्हा तुझ्या पिशवीत मी एक बरणी कोंबली होती. "लोकांच्या आया सोनं देतात, ही वाळके वाटाणे देते!" म्हणत तू दार आपटलंस. ठमे, ते दुसऱ्या पिढीचे होते. प्रत्येक झाडाचा एक दाणा मी पेरला, दुसरा, त्याचं सख्खं भावंड, त्या बरणीत टाकला. दुसरा दाणा ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडे ठेवतात. हे मला तोंडानं म्हणता आलं नाही.

बरणी असेल तर ओलाव्यापासून जप आणि लगेच घेऊन ये, उशिराच्या पेरणीचेही दिवस सरत आलेत. शिजवून खाल्ले असशील, तर तसं कळवू नकोस. रिकामी बरणी घेऊन ये. पण ये.

तुझीच,
खाष्ट आई