सोवळ्यातली नी-कॅप

गुरुवार, संध्याकाळ. जठारपेठ, अकोला

डोकं अजून तापलेलंच आहे. अमरावतीले, राजापेठेत वास्तुशांत करायले गेलो, तर यजमानाच्या मामांना सोवळ्याखाली माझी नी-कॅप दिसली. "महाराज, काढा ते. सोवळ्यात शिवलेलं चालते काय?" चारचौघांत! अन् मी मुकाट्यानं काढून खुर्चीवर ठेवली. काहून ठेवली?

फिजिओवाल्या पोरीनं दाखवलं होतं मले. डोळे मिटायले लावून तिनं माझा गुडघा वाकवला, सरळ केला, अन् म्हणे, आता तुम्हीच तेवढा वाकवा. नी-कॅप नसली की पाय भलतीकडेच थांबे. घातली की बराच जवळ येई. "काका, ही जोर देत नाही. कातडी दाबून गुडघा कुठं आहे त्याची खबर देते."

ती खबर खुर्चीवर पडलेली, अन् मी मांडी मोडून कलश घेऊन उठलो. घरभर पाणी शिंपडत निघालो, तर पाय उंबरठ्यालेच ठेचला. अर्धा कलश सांडला. मामा लगेच ओरडले, "अपशकुन झाला!" अपशकुन? अन् नी-कॅप काढायले लावली कोणी?

मग मामा आरतीचं तबक उचलायले वाकले. पितांबरातून चर्र आवाज आला. त्यांनीही आतून कमरेचा शिवलेला पट्टा बांधलेला, त्याचीच वेल्क्रोची चिकटपट्टी सुटली होती. सगळ्यांनी ऐकलं.

मी तबक त्यांच्या हातून घेतलं. "बसा मामा, कंबर सांभाळा," एवढंच म्हटलं. अन् खुर्चीवरची नी-कॅप उचलून सगळ्यांदेखत सोवळ्याच्या वरूनच चढवली.