मिस अर्लीनचे पांढरे केस

मेकन, जॉर्जिया
सोमवार, ९ मार्च २०१५

प्रिय व्हर्नेल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टेबलावर भिरकावशील, याची मला खात्री आहे. नाताळातल्या कार्डांचंही तेच झालं असणार. चार वर्षांत तुझी एक ओळ नाही. पण या वेळी फोड, बाई. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, आणि ती दुसरं कोणी देऊ शकत नाही. ती मी शेवटी मागेन, कारण आधी मागितली तर तू म्हणशील, "बघा, काम पडलं तेव्हा बरी आठवण झाली!" त्याआधी मला माझी चूक कबूल करू दे. ती मी आजवर कबूल केलेली नाही. तुझ्यासमोर नाही आणि स्वतःशीही नाही.

आज पार्लर बंद. पूर्वी सोमवारी आपण दोघी जुन्या कपड्यांची दुकानं पालथी घालायचो, आठवतं? मोठ्या घरच्या बायकांनी देऊन टाकलेले कोट तिथे आदल्या शनिवारी येऊन पडलेले असायचे. तू एखादा कोट हातात घेऊन नुसता झटकायचीस आणि सांगायचीस, "कॉलर उसवायची, बटणं बदलायची, कंबरेत दोन टाके. रविवारी बघ." आणि रविवारी सगळं चर्च मान वळवून बघायचं. आता मी सोमवारी पाय उशीवर ठेवून पडून असते. इस्टर चार आठवड्यांवर आलाय, वहीत नाव लिहायला जागा नाही, आणि माझ्या अंगठ्याचा सांधा असा धरलाय की तापवलेला कंगवा हातातून निसटतो. परवा टेम्पीच्या कानाला चटका बसला. ती गप्प बसणारी बाई आहे का? "ऑर्थेलिया, केस सरळ करायला आलेय, कान नाही!" सगळं पार्लर हसलं. मीही हसले, आणि मग मागे जाऊन पाच मिनिटं खुर्चीवर बसून राहिले.

तुझी खुर्ची अजून तुझ्याच जागी आहे. ती भाड्यानं मागायला तिघीजणी येऊन गेल्या. चांगल्या मुली होत्या, हात चलाख. मी त्यांना सांगितलं, तिचा एक पाय मोडलाय. एकीनं बसून बघितलं आणि म्हणाली, "कुठे मोडलाय? ठणठणीत आहे की!" मी म्हटलं, "मोडलाय म्हणजे मोडलाय." तेव्हापासून बायका तिच्यावर पर्सा ठेवतात. कामं मात्र मी दोन खुर्च्यांची करते. तुझ्या जुन्या बायका माझ्या हाताखाली बसतात आणि उठताना आरशात बघून म्हणतात, "छान झालंय. व्हर्नेल थोडं वेगळं करायची." चार वर्षं हे ऐकतेय. कंटाळलेय गं मी.

कधी कधी वाटतं, आपण विशीतच जास्त शहाण्या होतो. दुकानातली कुठलीही पावडर लावली तरी आपण राखेत लोळून आल्यासारख्या दिसायचो. आपल्या रंगाचं काही मिळतच नव्हतं. तू पावडरीत कोको मिसळलास. रंग जमला झकास, पण चर्चमध्ये पाळकांचं तान्हं बाळ तुझ्या कडेवर आलं आणि तुझा गाल चाटायला लागलं! पाळकीणबाईंना वाटलं लेकराला भूक लागलीय. पायमोजे आपण चहाच्या पाण्यात उकळायचो. ओठांसाठी भुवयांची तपकिरी पेन्सिल आणि वर बोटभर व्हॅसलीन. आपल्या आया आठवडाभर परक्यांच्या फरश्या पुसायच्या आणि त्या घरातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना नुसत्या नावानं हाका मारायची. पण रविवारी त्याच बाया हातमोजे, टोपी चढवून निघाल्या की रस्त्यातला माणूस बाजूला सरकायचा. आपण पार्लर काढलं ते त्यासाठी. हे तूच एकदा मला सांगितलं होतंस, आणि मला ते तेव्हा फारसं कळलं नव्हतं.

मिस अर्लीनच्या बाबतीत तर मुळीच कळलं नाही. लग्न झालेली बाई, पण मानानं आपण तिला मिसच म्हणायचो. बावीस वर्षं ती दर शनिवारी आली, सगळ्या बायका गेल्यावर. शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट यायची, अंगाला कांद्याचा वास, पण कानात मोत्यांच्या कुड्या. तू दाराला कडी घालायचीस, मागचा पडदा ओढायचीस आणि मला म्हणायचीस, "ऑर्थेलिया, पुढे टॉवेलांच्या घड्या घाल जा." माझ्याच पार्लरमध्ये! त्या पडद्याचा मला राग होता, व्हर्नेल. मला सगळं ठाऊक होतं की. तरुणपणी चुलतबहिणीनं स्वयंपाकघरात तिच्या डोक्याला केस सरळ करायचं औषध लावलं, ओसरीत गप्पा हाणत बसली आणि धुवायला वेळेवर आलीच नाही. मूठ मूठ केस हातात आले. टाळूवर कातडी भाजली ती कायमची. नवऱ्यानं ते बघून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. त्यानंतर ती कायम विगात, तिचं उघडं डोकं ना त्यानं पाहिलं, ना पोटच्या रोझेटानं. फक्त तू. मला वाटायचं, मी काय परकी आहे?

मिस अर्लीन गेली तेव्हा तू ह्यूस्टनला लेकीच्या बाळंतपणाला होतीस. तुझा फोन आला. तू रडत होतीस, पण बोललीस एकेक शब्द तोडून: "दुसऱ्या खणात तिचा तपकिरी विग आहे. तो घाल, कपाळावर दोन बोटं खाली ओढ, आणि बाकी कशाला हात लावू नकोस. ऐकतेयस ना?" मी हो म्हटलं. विग पिशवीत घालून फ्युनरल होमला गेले, तिला पेटीत ठेवायच्या आधी. तिथल्या माणसानं दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघी उरलो. आपल्या बायकांचे शेवटचे केस आपणच करतो, त्या परक्या हातात द्यायच्या नाहीत, हे आपलं ठरलेलं. मी नेहमीसारखी तिच्याशी बोलत होते: "मिस अर्लीन, जरा मान इकडे करू या हं." आणि मी तिचा रुमाल सोडला.

केस पांढरेशुभ्र होते. कापसासारखे म्हणणार होते, पण आपल्या आज्यांनी गोऱ्यांच्या शेतात इतका कापूस वेचलाय की तो शब्द मला कौतुकाला वापरवत नाही. मऊ, विरळ, आणि प्रकाशात चमकणारे. त्यांच्यापुढे तो विग नुसता खराटा वाटला. मी तो बाजूला ठेवला. तीन तास लागले मला. बोटांनी एकेक लाट बसवली, कपाळापासून कानापर्यंत, आणि टाळूवरच्या डागावरून केस आडवे आणले. आयुष्यात तितकं सुंदर काम मी केलेलं नाही. आता खरं सांगते. ते काम मी तिच्यासाठी केलं नाही. रविवारी सगळं चर्च बघेल आणि म्हणेल, हे व्हर्नेलचं नाही, हे ऑर्थेलियाचं काम, म्हणून केलं. आणि तुझ्या त्या पडद्याचा सूड म्हणूनही. हे लिहायला मला दोन कप कॉफी लागली.

पुढचं तू पाहिलंसच. पण तू फक्त शेवट पाहिलास, मी आधीपासून तिथे होते. पेटी उघडी होती. बायका ओळीनं येत होत्या आणि तोंडावर हात ठेवत होत्या. "किती गोड दिसतेय! आणि आम्हाला वाटायचं, हिला केसच नाहीत!" टेम्पी तर मोठ्यानं म्हणाली, "एवढं रूप झाकून ठेवलं होतं होय!" मला वाटलं, जिंकले. मग रोझेटा आली. तिनं बघितलं, आणखी वाकून बघितलं, आणि उशीच्या बाजूनं तिला तो डाग दिसला. ती कोणाला उद्देशून बोलली नाही. नुसतं म्हणाली, "ही माझी आई नाही." चर्चच्या पांढऱ्या गणवेशातल्या दोघी सेविका तिला वारा घालायला पंखे घेऊन धावल्या.

आणि तेवढ्यात तू आत आलीस, विमानतळावरून थेट, तो जांभळा सूट आणि ती रुंद काठाची टोपी घालून. त्या टोपीला मला पंधरा वर्षांत कधी तू हात लावू दिला नव्हतास. बाईच्या टोपीला दुसऱ्या बाईनं हात लावायचा नाही, हे आपल्याकडे लहान मुलीलाही कळतं. तू पेटीपाशी थांबलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. टोपीची पिन काढलीस, टोपी उतरवलीस, आणि दोन्ही हातांनी मिस अर्लीनच्या डोक्यावर ठेवलीस, कपाळावर दोन बोटं खाली ओढून. आणि मग तू, जी कधी कचरा टाकायलाही केस विंचरल्याशिवाय बाहेर पडली नाहीस, ती पहिल्या बाकावर जाऊन बसलीस, चपटे, घामेजलेले केस सगळ्या चर्चला दाखवत. टोपी तिच्याबरोबर मातीत गेली. दफनानंतर तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "मी तिला शब्द दिला होता." तीन आठवड्यांनी तू कंगवे उचललेस आणि टेक्ससला गेलीस.

मी चार वर्षं स्वतःची समजूत घालत आले. म्हटलं, ती सुंदर दिसत होती की नाही? आता तर पोरी डोकं तासून, हातभर डूल घालून मिरवतात आणि काय देखण्या दिसतात! आपलेच केस, त्यात लाज कसली? टेम्पीशी, पाळकीणबाईंशी, वाण्याशीसुद्धा मी हा वाद घातला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वाद घालावा लागत होता, यातच काय ते आलं. कोणी कधी सांगितलं नाही की प्रश्न केसांचा नव्हताच. तिनं काय दाखवायचं ते तिनं ठरवलेलं होतं. मी कोण उघडं करणारी?

हल्ली मीही विग घालते. जानेवारीपासून तीन झाले, कोपऱ्यावरच्या स्वस्तातल्या दुकानातले. कात्रीनं मीच त्यांना वळण देते. बायका चिडवतात, "काय गं, या वयात कोणासाठी?" मी डोळा मारते आणि म्हणते, "नाव सांगितलं तर तुम्ही हिसकावून घ्याल." एक तांबूस आहे, तो घातला की टेम्पी मला नवरीबाई म्हणते.

व्हर्नेल, नवरा नाही आणि नवलाई नाही. माझ्या पोटात गाठ आहे, आणि औषधांनी डोक्यावर काही ठेवलेलं नाही. पार्लरमध्ये कोणाला माहीत नाही. मागच्या गुरुवारी दवाखान्यात एक नवी नर्स आली, चांगली पोर, गडबडीत होती. ताप बघता बघता तिनं न विचारता माझा रुमाल ओढून काढला. खोलीत आणखी चार माणसं होती. मी दोन्ही हात डोक्यावर दाबून धरले, अंगठा दुखत होता तरी, आणि तिनं "सॉरी, मॅम, सॉरी" म्हणत रुमाल परत बांधला तरी ते खाली घेतले नाहीत. तेव्हा मला मिस अर्लीन दिसली. तिला हात उचलता येत नव्हते. डॉक्टर म्हणतात उन्हाळ्यापर्यंत, कदाचित थोडं पुढे. मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते मागायचं जिच्याजवळ ती गेली. मी एवढंच मागते की माझी वेळ येईल तेव्हा तू ये, दार लावून घे, कोणता विग घालायचा ते मी तुला सांगितलेलं असेल, आणि तुझ्याशिवाय कोणीही माझं डोकं बघू देऊ नकोस. मला तुझा शब्द हवाय, व्हर्नेल. तू दिलेला शब्द कसा पाळतेस ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तुझीच,
ऑर्थेलिया