अंगाला हात लावण्याआधी

ती. आईस, दुरूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात शुश्रूषेची व्याख्या पानभर आहे. इथल्या मोठ्या सिस्टरांची एका ओळीची: "आधी सांगायचं, मग अंगाला हात लावायचा. माणूस गेलेलं असलं तरी." मला तेव्हा हसू आलं होतं.

सोमवारी वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवरच्या आजी गेल्या. घाईघाईत मी त्यांचं अंग मुकाट्याने पुसलं. तेव्हापासून भर दुपारी त्या रिकाम्या खाटेची घंटा वाजायला लागली. वायरमनने वायर काढून नेली, तरी वाजली.

मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "अंग पुसताना आजींना सांगितलं होतंस?" मी खाटेजवळ गेले. म्हटलं, "आजी, तुम्ही गेलात हो. मी तुमचं अंग पुसलं, केस विंचरले. सांगायचं तेवढं राहिलं." घंटा थांबली ती थांबलीच.

घाबरू नकोस. पण आई, बाबांचं अंगही मीच पुसलं होतं, एक शब्द न बोलता. आणि तू लिहितेस, दुपारी दाराची बेल वाजते, बाहेर कुणीच नसतं.

वायरमनला बोलावू नकोस. दार उघड आणि म्हण, लेक येतेय सांगायला.

तुझी,
धाकटी